ध्रुवपद परत आलं की चित्र काय करतं? जाखडीच्या व्हिडिओआधीच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. लग्नसराई उरकली, पाऊस लागला, आता गणपतीपर्यंत टेबल मोकळं आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातल्या जाखडी मंडळाला (जाखडी म्हणजे कोकणातला फेराचा नाच) यंदा शाहीरबुवांच्या नव्या सवालाचा, म्हणजे समोरच्या पक्षाला गाण्यातून घातलेल्या प्रश्नाचा, नीट म्युझिक व्हिडिओ करून हवा आहे. चाकरमानी गावात असतील तेव्हाच शूट होणार, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीला. मंडळाने त्यासाठी १५,००० रुपये बाजूला काढले आहेत.

कॅमेरा उचलण्याआधी काही म्युझिक व्हिडिओ पूर्ण उकलून बघायचे ठरवले आहेत. शॉट कुठे सुरू होतो, कट कशावर पडतो, कॅमेरा का हलतो, गोष्ट गाण्याबरोबर चालते की गाण्याला सोडून, हे सगळं. भाचा सोबत आहे. बारावी झाली, प्रवेशाची वाट बघतोय, डोळा तयार आहे. आपल्याकडच्या दुसऱ्या मंडळांना असं काम करायचं असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

निवड करताना नियम एकच ठेवला: प्रत्येक व्हिडिओने एखादी गोष्ट टोकाला नेलेली हवी. 'हिअर इट गोज अगेन' (२००६) यात एकही कट नाही. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' (१९८३) गोष्टीसाठी. 'द सायंटिस्ट' (२००२) उलटा चालतो. 'स्टार गिटार' (२००२) म्हणजे नुसती आगगाडीची खिडकी. 'अराउंड द वर्ल्ड' (१९९७) गोल मंचावरचा नाच. दूरदर्शनवरचं १९८८चं 'मिले सुर मेरा तुम्हारा'. शिवाय आपल्याच किनाऱ्यावर काढलेली कोळीगीतं आणि मालवणी गाणी.

१९ जून

कट मोजायला आधी यंत्र लावलं. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे: शेजारच्या दोन फ्रेममध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की तिथे कट धरायचा. मर्यादा ०.३ ठेवून चालवलं. अंधारात दिवे लखलखणारा एक नाचाचा व्हिडिओ घेतला, तर प्रत्येक लखलखाट त्याने कट म्हणून मोजला. मर्यादा वाढवली तर खरे कट गळाले. एक चित्र दुसऱ्यात हळूहळू विरघळतं तिथे तर त्याला काही कळतच नाही, कारण शेजारच्या दोन फ्रेममध्ये फरकच थोडा असतो. कॅमेरा झर्रकन फिरला की पुन्हा खोटा कट.

यंत्र बंद केलं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकतो. एक जण बघणार, दुसरा वहीत लिहिणार. चार मिनिटांच्या गाण्याला एक अख्खी संध्याकाळ जाते. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आधी कागद, मग संगणक. हाताने मोजण्यात एक मोठा फायदा आहे: प्रत्येक कटाशी तुम्ही थांबता, आणि तो तिथेच का, हा प्रश्न आपोआप पडतो.

२३ जून

पहिला तक्ता फुकट गेला. एकूण वेळ भागिले शॉटची संख्या, म्हणजे शॉटची सरासरी लांबी. चित्रपटाचे अभ्यासक हा आकडा वापरतात, आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण 'हिअर इट गोज अगेन'ला तो लावला तर अख्खं गाणं म्हणजे एकच शॉट! आकड्याप्रमाणे आमच्या ढिगातला हा सगळ्यात संथ व्हिडिओ ठरतो. बघताना मात्र डोळा क्षणभर ठरत नाही. चार माणसं, आठ ट्रेडमिल, जागचा न हलणारा कॅमेरा. पट्टा बदलला की माणसं चौकटीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला वाहत जातात आणि कटाचं काम तेवढ्यात होऊन जातं.

म्हणून तक्त्यात नवा रकाना: चौकटीच्या आत काय बदललं. माणूस आत आला, बाहेर गेला, दिशा बदलली, थांबला. नाचाच्या व्हिडिओत हा रकाना कटाच्या रकान्याइतकाच भरतो.

२७ जून

आजचा दिवस महत्त्वाचा. सेकंद सोडले, मात्रा धरल्या.

झालं असं. मंडळाच्या जुन्या रेकॉर्डिंगवर भाच्याने सरावासाठी कट टाकले होते. सेकंदांचा तक्ता काढला तर सुरुवातीचे शॉट अडीच सेकंदांचे आणि शेवटचे दोनच्याही खाली. मला वाटलं त्याने मुद्दाम वेग वाढवला. तो म्हणाला, "मामा, मी तर सगळीकडे चार मात्रांवरच कापलंय." मग मृदंग मोजला. गाणं सुरू होताना मिनिटाला साधारण ९६ मात्रा, शेवटी १३०च्या आसपास. चार मात्रा आधी अडीच सेकंदांच्या होत्या, शेवटी १.८५च्या झाल्या. वेग मृदंगाने वाढवला होता, एडिटरने नाही. सेकंदांचा तक्ता हे कधीच सांगणार नाही.

परदेशी पॉप गाणी बहुधा क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर) रेकॉर्ड होतात, त्यांची लय पक्की असते. एकदा मोजलं की टाइमलाइनवर सरळ आखणी करता येते. तिथेही फ्रेमचं गणित आडवं येतं: सेकंदाला २५ फ्रेम आणि मिनिटाला १२५ मात्रा असतील तर एक मात्रा बरोबर १२ फ्रेमची, पण १२० मात्रा असतील तर साडेबारा फ्रेमची. अर्ध्या फ्रेमवर कापता येत नाही, त्यामुळे एक आड एक कट अर्धी फ्रेम इकडे किंवा तिकडे. ते डोळ्याला कळत नाही. जाखडीत मात्र आखणी पहिल्या अंतऱ्यातच सुटते. उपाय: गाणं चालू ठेवून दर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) हाताने मार्कर टाकत जायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, ते टाळू नये.

३० जून

तक्त्याचे रकाने आता ठरले: शॉट क्रमांक, मात्रा, गाण्याचा भाग (ध्रुवपद, अंतरा, वाद्यांचा तुकडा), चौकटीचा आकार, कॅमेऱ्याची हालचाल, चौकटीतली हालचाल, कट कशावर पडला (समेवर, शब्दावर, अंगाच्या हालचालीवर की कशावरच नाही), आणि शेवटचा: बघणाऱ्याला नवीन काय कळलं. शेवटचा रकाना भरणं सगळ्यात कठीण, आणि तोच सगळ्यात उपयोगाचा. झेरॉक्ससह वहीचा खर्च १४० रुपये. डाउनलोड आणि पुढचं फुटेज ठेवायला एक टीबीची हार्ड डिस्क, ४,८०० रुपये, माझ्या खिशातून.

४ जुलै

'थ्रिलर'. जॉन लँडिसने दिग्दर्शित केलेला, जवळजवळ १४ मिनिटांचा. मूळ गाणं सहा मिनिटांचं. आतापर्यंत हा 'भुतांच्या नाचाचा व्हिडिओ' म्हणूनच माहीत होता. वही घेऊन बसल्यावर कळलं की यात गाण्याचीच मोडतोड केली आहे. अल्बममध्ये अंतरा, ध्रुवपद, अंतरा, ध्रुवपद असा नेहमीचा क्रम आहे. व्हिडिओत रस्त्यावरून चालताना सगळे अंतरे सलग येतात आणि ध्रुवपद येतच नाही. ते राखून ठेवलंय, नाच सुरू झाल्यानंतर सुटतं. ज्या ओळीची वाट कान बघत असतो ती दहा मिनिटं दिलेलीच नाही.

गोष्टीचे थरही बघण्यासारखे. जुन्या काळातलं जोडपं आणि माणसाचा झालेला मांजरासारखा अक्राळविक्राळ प्राणी, मग कळतं की तो पडद्यावरचा सिनेमा आहे. मग थिएटरबाहेरचा रस्ता, मग भुतं, मग घरात जाग येते, आणि शेवटच्या चौकटीत नायकाचे डोळे. दर वेळी आधीचा थर खोटा ठरतो.

कॅमेऱ्याबद्दल एक टीप, नाच काढणाऱ्यांसाठी: समूहनृत्याच्या भागात डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असे रुंद शॉट भरपूर आहेत. आपल्याकडे नाच चालू असताना चेहऱ्याच्या क्लोजअपवर जायची घाई होते आणि पावलं हरवतात.

इथेच आमचा मुख्य प्रश्न सापडला, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: ध्रुवपद परत आलं की चित्र काय करतं? गाणं फिरून त्याच जागी येतं, गोष्टीला मात्र पुढे जायचं असतं. म्युझिक व्हिडिओची सगळी कसोटी या ओढाताणीत आहे.

८ जुलै

'द सायंटिस्ट'. गाणारा सरळ गातो आणि जग उलटं चालतं. त्यासाठी गायक ख्रिस मार्टिन गाण्याचे शब्द उलटे म्हणायला शिकला, मग फिल्म उलटी चालवली. सुरुवातीला तो गादीवर पडलेला, शेवटी आपण पोहोचतो गाडीच्या अपघातापाशी आणि त्याच्या आधीच्या क्षणापाशी, सोबतची मुलगी अजून हसतेय तिथे.

आमचा प्रश्न लावला. पहिल्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा ते नुसतं एका उदास माणसाचं म्हणणं वाटतं. पुन्हा येतं तेव्हा आपण मागे मागे सरकलेलो असतो, आणि तेच शब्द जड झालेले असतात. ध्रुवपदाचे शब्द जवळजवळ तेच, माहिती वाढली. शेवटच्या रकान्यात भाच्याने लिहिलं: 'कारण शेवटी सांगितलं'. आमच्या सवालाला हे लागू पडेल.

१२ जुलै

'मिले सुर'. १५ ऑगस्ट १९८८ला पहिल्यांदा दाखवलं गेलं. इथे ध्रुवपद म्हणजेच सगळं गाणं: एकच ओळ, भाषा आणि चेहरे बदलत. भीमसेन जोशींच्या भैरवीने सुरुवात. तीच ओळ परत येताना चित्राने जागा आणि माणूस दोन्ही बदलायचं, हा सर्वात सोपा मार्ग, आणि इथे तो अर्थालाही धरून आहे. माझ्या पिढीला हे पाठ आहे, म्हणून आवाज बंद करून बघितलं. तरी कळतं, कुठे नवी भाषा सुरू झाली ते.

आमच्याकडे एकच गाव, एकच मंडळ. हा मार्ग आम्हाला नाही.

१७ जुलै

'स्टार गिटार', दिग्दर्शक मिशेल गाँद्री. फ्रान्समधल्या आगगाडीची खिडकी, बाहेर खांब, पूल, इमारती, गाड्या. थोड्या वेळाने लक्षात येतं की प्रत्येक वस्तू एकेका आवाजावर येते. ढोलाच्या ठोक्याला एक इमारत, झांजेसारख्या आवाजाला खांब. आधी खिडकीतून चित्रण केलं आणि मग संगणकावर वस्तू सुरांप्रमाणे बसवल्या. गोष्ट नाही, माणूस नाही, गाण्याची बांधणी डोळ्यांना दिसते एवढंच, आणि तेवढं पुरतं.

आम्हाला हे करून बघायचं होतं आणि कोकण रेल्वे दारात आहे. रत्नागिरीहून चिपळूणकडे पॅसेंजरने गेलो, फोन खिडकीच्या काचेला टेकवून. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी हळू, ते बरंच झालं. विजेच्या तारांचे खांब सरळ रुळावर साडेतीन-चार सेकंदांनी येत होते. वळणावर खांब जवळजवळ असतात, त्यामुळे तिथे लय आपोआप वाढायची. हे मोजताना मजा आली.

मग करबुडे बोगदा. साडेसहा किलोमीटर! त्या वेगाने जाखडीचं अख्खं गाणं संपून वर उरेल इतका वेळ नुसता काळोख. त्या प्रवासातला सगळ्यात लांब, न थरथरलेला शॉट काळाठिक्कर. दोघांची तिकिटं, चहा आणि वडा मिळून दोनशेच्या आत, पण दिवस मोडला.

घरी येऊन ते काळं फुटेज फेकायच्या आधी भाच्याने त्याच्याखाली बुवांचं रेकॉर्डिंग लावलं आणि सरकवत बसला. बोगद्याचं तोंड ध्रुवपदाच्या शेवटच्या समेवर आणलं. हिरवं रान, खांब, खांब, आणि एकदम अंधार, त्यात अंतरा. तो अंतरा आम्ही दोघांनी पन्नासदा ऐकलेला असेल, पण त्यातला खरा सवाल आज पहिल्यांदा नीट ऐकू आला. चित्र थांबलं की शब्द पुढे येतात. वहीत लिहिलं: सवालाच्या ओळीवर काही हलवायचं नाही, कॅमेरा नाही आणि कटही नाही.

२४ जुलै

'अराउंड द वर्ल्ड', दिग्दर्शक पुन्हा गाँद्री, नृत्यरचना ब्लांका ली. गाण्यात शीर्षकाचे शब्द सोडून काही नाही, तेच पुन्हा पुन्हा. गोल मंच, त्यावर नाचणाऱ्यांचे पाच गट, प्रत्येक गट एकेक वाद्य. धिप्पाड खेळाडू बेस गिटारचे, सुरावट खाली-वर जाईल तसे ते पायऱ्या चढतात-उतरतात. यंत्रमानव गाणाऱ्या आवाजाचे, सांगाडे गिटारचे, पट्ट्या गुंडाळलेल्या ममी ड्रमच्या, जलतरणाच्या पोशाखातल्या मुली सिंथेसायझरच्या. आवाज बंद करूनही कळतं कुठलं वाद्य वाजतंय.

हे बघून मी खुर्चीतून उठलो, कारण जाखडी हीच आहे. मध्ये वादक आणि शाहीर बसलेले, भोवती फेर. संध्याकाळी तालमीला गेलो आणि वाटणी लिहून काढली: मृदंग म्हणजे पाय, झांज म्हणजे हात, झील (मागून साथ देणारे गायक) म्हणजे अख्खा फेर, शाहीर म्हणजे चेहरा. ज्याचा आवाज पुढे, त्याचा शॉट.

घरी येऊन तालमीच्या फुटेजवर लावून बघितलं तर गोंधळ. त्या पॉप गाण्यात वाद्यं एकेक करून येतात आणि जातात, जाखडीत मृदंग आणि झांज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतात. सगळंच सतत पुढे, मग पाय, हात, पाय, हात अशी नुसती चिरफाड. दोन रात्री यात गेल्या.

वाट सापडली ती आमच्याच प्रश्नातून. वाटणी ठेवायची, पण दर ध्रुवपदाला एकच नवीन गोष्ट उघडायची. पहिल्या ध्रुवपदाला फक्त पाय. दुसऱ्याला पाय आणि हात. तिसऱ्याला अख्खा फेर, पहिल्यांदाच. तोवर बघणाऱ्याने मंडळ पूर्ण पाहिलेलंच नसेल. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या, सामन्यात सवाल करणारा एक पक्ष आणि जवाब देणारा दुसरा, तर समोरचा पक्ष शेवटच्या ध्रुवपदापर्यंत चौकटीत येऊच द्यायचा नाही. ध्रुवपद तेच, पण सवाल कुणाला होता हे शेवटी दिसेल.

बुवांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "समोरचा दिसला नाय तरी त्याची दहशत दिसाया हवी." हे वाक्य शॉटच्या यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

२ ऑगस्ट

मासेमारीवरची बंदी ३१ जुलैला संपली. बंदरात डिझेलचा वास परत आलाय.

आपल्या किनाऱ्यावरचे व्हिडिओ घेतले. कुणाचं नाव देत नाही, मेहनतीने केलेली कामं आहेत. सगळ्यांत सारखं आढळलेलं: सुरुवातीला होडीवरून जाणारा ड्रोन शॉट, आणि आमच्या शेवटच्या रकान्यात त्याच्यापुढे बहुतेक वेळा कोरी जागा. समुद्र आहे एवढंच कळतं, ते तर झावळ्यांच्या आवाजानेही कळलं असतं. जाखडीचा फेर तर वरून म्हणजे फेट्यांचं कडं फक्त, पाय दिसणार नाहीत. ड्रोनचं भाडं दिवसाला पाच-सहा हजार. आम्ही तो घेत नाही.

दुसरी गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच दिसेल: पाण्याची रेष. एका गाण्यात दोघं सलग एक संवाद गातायत, पण त्याच्या मागे ओली वाळू पसरलेली आणि तिच्या मागे लाटा बंधाऱ्याला लागलेल्या. दोन शॉटमध्ये निदान चार-पाच तास गेलेत. शहरातल्या बघणाऱ्याला कदाचित काही जाणवणार नाही, आमच्या गावातल्या म्हातारीला लगेच खटकेल. म्हणून किनाऱ्यावरच्या शूटला आणखी एक रकाना: पाणी कुठे आहे.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

शूटची तारीख आज ठरली, २९ ऑगस्ट. वेळ काढायला जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की मुंबईची भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी, म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. आपण दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे भरती जरा आधी. म्हणजे मंडळाला हवी ती संध्याकाळची 'सोनेरी वेळ' घेतली तर वाळूच शिल्लक नाही, फेर धरायचा कुठे? ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. शिवाय संध्याकाळी सूर्य समुद्राकडे, मागे समुद्र घेतला की चेहरे काळे. सकाळी सूर्य डोंगराकडून, समुद्र मागे ठेवूनही तोंडावर उजेड. सकाळ पक्की केली. तारखेच्या आधी छापील भरतीपत्रकाशी ताडून बघायचं.

फेराचं एक गणित कागदावर सोडवलं, कारण तालमीत ते सतत खटकत होतं. आमचा फेर घड्याळाच्या उलट फिरतो. बाहेरून बघितलं तर जवळचे नाचणारे डावीकडून उजवीकडे जातात, मध्ये बसून बघितलं तर उजवीकडून डावीकडे. बाहेरच्या शॉटवरून थेट आतल्या शॉटवर कापलं की फेर अचानक उलटा फिरल्यासारखा वाटतो. मध्ये दिशा नसलेला शॉट हवा: बुवांचा चेहरा, मृदंगावरचा हात किंवा जागच्या जागी आपटणारं पाऊल. तशा शॉटची वेगळी यादी केली.

२९ ऑगस्ट

शूट झालं. पहाटे सर येऊन गेली, मग आभाळ भरलेलं पण कोरडं. ढगांमुळे सावल्या मऊ, आमच्या पथ्यावर पडलं.

गाणं आधीच एका खोलीत रेकॉर्ड करून घेतलं होतं, किनाऱ्यावर स्पीकरवर लावलं. स्लो मोशनसाठी एक युक्ती लग्नाच्या कामातली: कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर, गाणं दुप्पट वेगाने लावायचं, मग २५वर आणलं की चित्र संथ आणि ओठ बरोबर गाण्यावर. बुवांवर ती चालणार नव्हती. दुप्पट वेगात सवाल म्हणणं म्हणजे सवालाचा अपमान, असं ते म्हणाले आणि ते खरंच आहे. म्हणून संथ शॉट फक्त पायांचे, ओल्या वाळूतून उडणाऱ्या पाण्याचे. घुंगरांचा चाळ बांधलेलं पाऊल पडतं आणि पाणी उठतं, तो शॉट फार सुंदर आलाय.

साडेअकरापर्यंत पाणी चढायला लागलं. तिसऱ्या ध्रुवपदाचा रुंद शॉट आधीच आटोपला होता, कारण यादी पाण्याच्या क्रमाने लावली होती, गाण्याच्या नाही. समोरच्या पक्षाचे शॉट संध्याकाळी मांडवात घेतले. ट्यूबलाइट असतील तिथे शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मग चित्र लपलपत नाही.

खर्च: माणसांचं जेवण आणि चहा ३,२००, स्पीकर आणि जनरेटर २,५००, दुसऱ्या लेन्सचं भाडं १,२००. रक्कम उरली, मंडळाने ती चाळांच्या दुरुस्तीला घेतली.

८ सप्टेंबर

एडिटचा आठवडा. भाच्याच्या फोनवरचे शॉट गाण्यापासून हळूहळू सुटत होते. फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेतच नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिप कायम २५ फ्रेमवर आणल्या तेव्हा जुळलं. हे रूपांतर एडिटला बसण्याआधीच करून घ्यावं, नंतर केलं तर लावलेले कट सगळे हलतात.

पहिली जोडणी बुवांना दाखवली. कट समेवर नेमके बसले होते, माझ्या धंद्याच्या हिशोबाने निर्दोष. बुवांनी दोनदा बघितलं आणि दुसऱ्या अंतऱ्याशी थांबवायला सांगितलं. "आमचा शब्द समेच्या पुढं जाऊन संपतो. तू समेवर तोंड फिरवलंस, आता जवाब कुनाला द्यायचा?"

परत तक्ता काढला. सवालाच्या ओळीचा शेवटचा शब्द दर वेळी सम ओलांडून दीड-दोन मात्रा पुढे जातो. तिथे सगळे कट समेवरून उचलून शब्दाच्या शेवटावर नेले. वाद्यांच्या तुकड्यात समेवरच ठेवले. म्हणजे दोन नियम झाले: गळा चालू असेल तेव्हा शब्द, हात चालू असतील तेव्हा सम. आता अंतरा आणि तुकडा यांतला फरक आवाज बंद करूनही जाणवतो.

शेवटच्या ध्रुवपदाला समोरचा पक्ष पहिल्यांदा दिसतो, तो मांडवातल्या अंधारातून पुढे येणारा चेहरा. बुवांनी तो शॉट आणखी चार मात्रा लांबवायला लावला. बरोबर होतं त्यांचं.

१४ सप्टेंबर

व्हिडिओ मंडळाकडे दिला. कोऱ्या तक्त्याच्या प्रती मंडळाच्या खोलीत ठेवल्या आहेत, कुणालाही नेता येतील. भाचा आता शिमग्यातल्या नमनाचं (कोकणातल्या लोकनाट्याचं) जुनं रेकॉर्डिंग घेऊन बसलाय. त्यातलं संकासुराचं सोंग आलं की प्रेक्षकांशी थट्टा सुरू होते, मृदंग थांबतो आणि मोजायला मात्राच उरत नाहीत. तिथे हशा आणि बोलण्यातली विश्रांती मोजायचा रकाना करावा लागेल, त्याची मांडणी चालू आहे.